परत आलेलं नाक

साबणाच्या कारखान्यात तिला सगळे नाकवाली म्हणत, आणि ती ते नाव पदवीसारखं मिरवायची. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर ती, तिचा नवरा आणि सासू अशी तिघं राहत. नवरा छापखान्यात यंत्रावर होता. चाळिशी ओलांडली तरी मूलबाळ नव्हतं, आणि ते नाही याची आठवण करून द्यायला सासू एक दिवसही चुकत नसे.

नाकवालीचं काम वास घेण्याचं. साच्यात ओतण्याआधी प्रत्येक लॉटमधला थोडा साबण तिच्या टेबलावर यायचा. ती तो तळहातावर कोमट पाण्याने चोळायची आणि मान खाली घालून ससा हुंगतो तसे बारीक बारीक श्वास घ्यायची. दोन लॉटांच्या मध्ये ती स्वतःच्या कोपराचा वास घ्यायची. त्याने म्हणे नाक कोरं होतं. मग "चालेल" किंवा "तेल खवट आहे" एवढंच बोलायची. तिने खवट म्हटलं की मालकसुद्धा वाद घालत नसत. अख्ख्या कारखान्यात खुर्ची असलेली ती एकटीच कामगार बाई. बाकीच्या सगळ्या मागच्या पॅकिंगच्या हॉलमध्ये उभ्याने खोकी भरायच्या आणि उचलायच्या.

त्या हॉलची तिला धास्ती होती, आणि ती खोक्यांमुळे नव्हती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत दोनदा तिला दिवस गेल्यासारखं वाटलं होतं. पहिल्या वेळी तिने फक्त सासूला सांगितलं आणि सासूने सगळ्या इमारतीला. नंतर पाळी आली. दुसऱ्या वेळी तिला राहवलं नाही, तिने स्वतःच हॉलमध्ये साखर वाटली. आठवडाही उलटला नाही तोच तिला पोट धरून घरी जावं लागलं. तेव्हापासून ती नुसती जांभई देत हॉलवरून गेली तरी आतून कुणीतरी ओरडायचं, "काय गं नाकवाले, साखर आणू का?" आणि हशा पिकायचा. बायका वाईट नव्हत्या, उभ्याने काम करून पाय भरून आले की माणसाला हसायला काहीतरी लागतं. पण नाकवालीने कानाला खडा लावला. शरीराने काहीही सांगितलं तरी आपण विश्वास ठेवायचा नाही, हे तिने पक्कं ठरवून टाकलं.

गेल्या हिवाळ्यात तिला सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना नाक घेऊन गेली. काही केल्या वास येईना. तिने ते कुणाला कळू दिलं नाही. साबणाचा रंग पाहून, बोटांना लागणारा चिकटपणा पाहून ती "चालेल" म्हणत राहिली. अडलंच तर शेजारी उभ्या असणाऱ्या धाकटीच्या चेहऱ्याकडे बघायची. ही धाकटी तिच्या हाताखाली शिकायला ठेवलेली होती. दोन मुलांची आई, हुशार. शाळेत ती माझ्या वर्गात होती. उत्तर तिला सगळ्यांच्या आधी यायचं, पण हात मात्र वर व्हायचा नाही.

शेवटी एक खवट लॉट दुकानांपर्यंत गेला आणि परत आला. सुपरवायझर कधी आवाज चढवत नसे, जे काही बोलायचं ते हसत बोलायचा.

"बाई, तुमचं अजून वय झालेलं नाही, पण नाकाचं झालंय बहुतेक. वसंत सुरू झाला की एक छोटीशी परीक्षा घेऊ. जमलं तर खुर्ची तुमचीच. नाही जमलं तर हॉलमध्ये तुमच्या मैत्रिणी आहेतच की!"

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. वाफ घेतली, डॉक्टरांकडचे थेंब घातले, कुणी सांगेल ते हुंगलं. आणि एक दिवस सकाळी ती नळाच्या वासाने जागी झाली. पाण्याच्या नव्हे, नळाच्या. लोखंडाचा गार, रक्तासारखा वास थेट अंथरुणापर्यंत येत होता.

नाक परत आलं होतं, आणि नुसतं परत आलं नव्हतं, दुपटीने आलं होतं. कारखान्यात तेलाचा डबा उघडण्याआधीच तिने बोट दाखवलं, "हा नको, झाकणापाशी बिघडलाय." उघडून पाहिला तर खरंच. सुपरवायझरने टाळ्या वाजवल्या. नाकवाली त्या दिवशी लहान मुलीसारखी घरी आली.

बाकीचं सगळं तिने असंच गोड मानून घेतलं. नवरा आला की त्याच्या हाताच्या शाईचा वास सोसेना, ती त्याला म्हणायची, "अहो, आधी साबणाने हात धुवा, मग बोला." सकाळी पोटात ढवळायचं, तर एवढं नाक तिखट झाल्यावर ढवळणारच. तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव यायची. नाकातलंच तोंडात उतरतं, त्याचं काय एवढं? दुपारी डोळे मिटायचे, तो आजारपणाचा थकवा. छाती ठणकायची, ते टेबलावर वाकून. सारखं लघवीला जावं लागायचं, ते थंडीमुळे. पाळी चुकली होती, पण तिच्या आईचीही लवकरच थांबली होती. फक्त एका गोष्टीचा तिला उलगडा होईना. कोपराचा वास घेऊन नाक कोरं व्हायचं, ते होईना. स्वतःच्याच अंगाचा वास परका वाटत होता, कुणी दुसरंच माणूस आपल्या कपड्यांत बसल्यासारखा. तिने घरचा अंगाचा साबण बदलला.

हॉलमधल्या बायकांना तिचं तोंड धुवायला पळणं दिसलंच. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर कुणीतरी अर्धं लिंबू ठेवलं.

"घे गं, चोख! या वेळी तरी साखर उधार ठेव!"

"अगं, पोट नाही, नाकच फुगलंय तिचं!"

तिने लिंबू उचललं, शांतपणे हुंगलं आणि म्हणाली, "शिळं आहे." मग ते खिडकीतून बाहेर फेकलं. त्या उत्तराचं तिला दिवसभर कौतुक वाटत होतं.

हसली नाही ती एकटी धाकटी. जेवणाच्या सुट्टीत ती नाकवालीला जिन्याखाली घेऊन गेली.

"ताई, रागावू नका. एकदा तपासून घ्या. माझ्या थोरल्याच्या वेळी मला असंच झालं होतं. शेजारच्या घरातलं दूध उतू जाण्याआधी वास यायचा."

कारखान्याचा नियम दोघींना माहीत होता. पोटुशा बाईला वास घेण्याच्या टेबलावर, कच्च्या अत्तरांपाशी बसू देत नसत, त्याच दिवशी उठवत. आणि उठवलं तर बसायला धाकटी तयारच होती.

"कळतं मला सगळं," नाकवाली म्हणाली. "परीक्षा तोंडावर आली आणि तुला माझी काळजी वाटायला लागली. हॉलमधल्या त्या निदान तोंडावर हसतात. तू खुर्चीसाठी माझ्या पोटी मूल घालायला निघालीस?"

"ताई, माझ्या मुलांची शपथ..."

"मुलांच्या शपथा माझ्यासमोर घेऊ नकोस."

धाकटीचा चेहरा पडला. "बरं. मग तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली, आणि त्यानंतर कामापुरतंच बोलू लागली. खरं सांगायचं तर खुर्चीचा विचार तिच्या मनात अजिबात नव्हता असं नाही. पण त्या दिवशी जिन्याखाली तरी तो नव्हता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी नाकवालीच्या कपड्यांवर लाल डाग दिसला. तिला एवढा आनंद झाला की ती न्हाणीघरातच हसली. म्हणजे आपणच खरे. कारखान्यात शिरताच तिने धाकटीला गाठलं आणि कानाशी म्हणाली, "आली पाळी. आज सकाळी. आता बोल!"

धाकटीला त्या डागाचा दुसरा अर्थ माहीत होता. तिचा हात उठलासुद्धा, नाकवालीचा दंड धरायला. तेवढ्यात सुपरवायझर आत आला, "काय बाई, तयार का?" नाकवाली म्हणाली, "केव्हाची!" आणि धाकटीने हात पदराला पुसला.

परीक्षा म्हणजे तेलात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या. कुठल्या डब्यातलं तेल बिघडलंय ते सांगायचं. नाकवालीने सगळे डबे बरोबर सांगितले. वर एका डब्याबद्दल म्हणाली, "आज चांगला आहे, पण चार दिवसांत जाईल." सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुपरवायझर म्हणाला, "खुर्ची बाईंचीच!" चांगल्या तेलाचे जड डबे कपाटात परत लावायचे होते. नाकवालीने ते स्वतः उचलले, एकेक करून, मिरवत. धाकटी बघत उभी होती.

दुपारी तिला कळ आली आणि ती टेबलापाशीच खाली बसली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं आटोपल्यावर विचारलं, "तिसरा महिना लागला होता. तुम्हाला काहीच लक्षणं जाणवली नाहीत?"

नाकवालीने एकेक करून सांगितलं. मळमळ, तोंडाची चव, छाती, थकवा, चुकलेली पाळी, लघवीला जाणं, शाईचा वास, कोपराचा वास. एकही राहिलं नाही. डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या.

"अहो, मग?"

"मला वाटलं, नाक बरं झालं."

"डबे उचलल्यानेच झालं का?" नवऱ्याने विचारलं.

"तसं म्हणता येत नाही. या वयात पुष्कळदा असं आपोआपच होतं. त्या आधी आल्या असत्या तरी टिकलंच असतं असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. आणि मग, मुद्दाम दुखवायला नव्हे, सहजच, "पण इतके दिवस निदान माहीत तरी असतं."

सासूने या वेळी इमारतीत वेगळं सांगितलं. "पाळी जाताना होतो असा त्रास. त्यात काय एवढं?" दोन वेळा तोंडघशी पडलेली बाई ती, तिसऱ्यांदा आजी होता होता राहिले म्हणून सांगणार नव्हती. नवरा छापखान्यातून आला की दाराबाहेरच हात धुवायचा. पुन्हा पुन्हा धुवायचा. ती म्हणाली, "आता नका धुऊ. आता काही येत नाही." तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

वास गेला होता. हिवाळ्यातल्यासारखा साफ गेला नव्हता, पण खवट आणि ताजं यांतला फरक ओळखण्याइतका उरला नव्हता. कामावर परतली त्या दिवशी पहिलाच लॉट धाकटीने "खवट" म्हटला आणि तिने "चालेल". सुपरवायझरने दोघींचे तळहात हुंगले आणि हसला. "बाई, तुम्ही आधी ठणठणीत बऱ्या व्हा. तोवर हॉलमध्ये जरा हातपाय मोकळे होतील."

हॉलमध्ये तिचं स्वागत झालं.

"या मालकीणबाई! खुर्ची कुठे ठेवलीत?"

"आजारी होतीस म्हणे? कसला गं आजार? साखरेचा?"

नाकवालीने खोकं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत ती या हशाला कधी उत्तर द्यायला थांबली नव्हती. आज थांबली.

"होतं," ती म्हणाली. "या वेळी खरंच होतं. तिसरा महिना लागला होता. गेलं."

पलीकडच्या बाईने खोकं भरता भरता मान वर केली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "तिसऱ्यांदा!" आणि एवढा हशा उसळला की कुणाच्या तरी हातातल्या वड्या जमिनीवर घरंगळल्या.

"खरं सांगते. दवाखान्यात विचारा. हिला विचारा, हिला माहीत होतं!"

धाकटी लॉटचा नमुना घेऊन दारातून जात होती. सगळ्या तिच्याकडे वळल्या. त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ बाईने विचारलं, "काय गं, माहीत होतं तुला?"

माहीत होतं म्हटलं तर पुढचा प्रश्न काय येईल, ते धाकटीला कळत होतं. मग डबे का उचलू दिलेस? मग आज खुर्चीवर कोण बसलंय?

"मला काय माहीत, मावशी," ती म्हणाली. "त्या मला पाळी आली म्हणून सांगत होत्या."

आणि हे खरंच होतं. नाकवालीलाही ते नाकारता आलं नाही.

"बघ!" बायका म्हणाल्या. कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली, प्रेमानेच. "चल गं, खोकं उचल. अख्खा दिवस पडलाय अजून." तिने खोकं उचललं.