फुटक्या काचांचा डबा

"मेण बाजारात मिळतं, मेणातला माणूस मिळत नाही," असं चिक्कूकाका एकदा म्हणाले, तेव्हा धाकट्या डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. त्यांना या तपासणी विभागात येऊन जेमतेम महिना झाला होता.

काकांचं काम कापण्याचं. रुग्णाच्या अंगातून सुईने काढलेला इवलासा तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, वडी यंत्रावर चढवायची आणि केसाहून बारीक काप काढून एकेक काचेवर उचलायचा. तीस वर्षं हेच. त्यांनी चिरलेल्या काकडीतून पेपर वाचता येतो, ही त्यांच्या बायकोची तक्रार. पेन्सिल नखाएवढी होईपर्यंत तिची सुटका नसे. खोलीतून कुणी बाहेर पडायच्या आत काका दिवा मालवत. पुष्कळदा आत माणूस असतानाच.

त्यांचा हट्ट एकच होता. वडी यंत्रावर चढली की लागतील तेवढे काप एका दमात काढून घ्यायचे. उतरवून पुन्हा चढवली की पृष्ठभाग सपाट करण्यातच कितीतरी काप वाया जातात. म्हणून काका न मागता दहा-बारा काचा जास्तीच्या करून ठेवायचे. अशा काचांनी कपाटं भरली, तेव्हा विभागाच्या प्रमुख, मोठ्या मॅडम, चिडल्या. मागितलं तेवढंच कापायचं, जास्तीची एक काच जरी सापडली तरी घरी बसवीन, असा त्यांनी लेखी हुकूम काढला. काकांनी त्याच नखाएवढ्या पेन्सिलीने त्यावर सही केली. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

मग एका शिंपीणबाईंची वडी आली. कपडे शिवण्यात जन्म गेला, विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही, तरी फुप्फुसात गाठ निघाली. धाकट्या बाईंनी सोमवारी एक तपासणी सांगितली, बुधवारी दुसरी सुचली, शनिवारी तिसरी. काका दर वेळी विचारायचे की आणखी काही हवं असेल तर आत्ताच सांगून टाका. बाई म्हणायच्या, हवं तेव्हा सांगीन. तिसऱ्या खेपेनंतर काकांनी वडी त्यांच्या टेबलावर आणून ठेवली. आत नुसतं मेण होतं, आरपार दिसणारं.

सोमवारी सकाळीच कर्करोगाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली. गाठीच्या जनुकांत काही ठरावीक बदल असला तर रोजच्या एका गोळीने ती आवरता येते. नसला तर सलाइनमधून कडक औषधं. बदल आहे की नाही ते बघायला तुकडा पाठवा. तुकडा कुठे उरला होता? पुन्हा सुई घालायची तर पहिल्याच वेळी शिंपीणबाईंचं फुप्फुस टाचणी लागलेल्या फुग्यासारखं बसलं होतं.

धाकट्या बाई सांगायला बाहेर गेल्या. बाकावर शिंपीणबाई येणाऱ्याजाणाऱ्यांचे खांदे नजरेनेच मोजत होत्या.

"तुमच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय, बाई. काढून द्या, दोन टाके घालते."

डॉक्टरीणबाईंनी कोट काढून दिला. सांगायचं होतं ते तसंच राहिलं.

काका डबा खात बसले होते. बाईंनी त्यांच्यासमोर सगळं कबूल केलं. काकांनी घास बत्तीस वेळा चावला, पाणी पिऊन किती काचा लागतील ते विचारलं. मग बेसिनखाली वाकून एक पत्र्याचा डबा ओढला. त्यावर लिहिलं होतं: 'फुटक्या काचा. हात लावू नये.'

"काका, हा तर भंगाराचा डबा."

"सगळे शिकलेले लोक," काका म्हणाले. "दोन वर्षांत कुणी हात लावला नाही."

आत शिंपीणबाईंच्या बारा काचा होत्या, पहिल्याच सोमवारी कापलेल्या. काकांनी दहा मोजून दिल्या. दोन परत ठेवल्या. चिक्कू ते चिक्कूच.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. बदल सापडला होता, आणि त्यावर गोळीही होती. शिंपीणबाईंची सलाइन टळली. महिन्याभरात खोकला इतका उतरला की त्या विभागातल्या सगळ्यांचे कोट घरी मागवू लागल्या.

पण मोठ्या मॅडमचं लक्ष नोंदवहीकडे गेलं. वडी संपल्याची नोंद शनिवारची, आणि दहा काचा बाहेर गेल्या त्यानंतर. त्यांनी दोघांना खोलीत बोलावलं. या काचा कुणी कापल्या, एवढंच विचारलं.

"मीच सांगितलं होतं कापायला," धाकट्या बाई म्हणाल्या. "लिहायचं राहिलं."

काकांनी त्यांच्याकडे वाकडा काप पडल्यासारखं पाहिलं. ते उठले, बेसिनखालचा डबा घेऊन आले आणि मॅडमच्या कागदांवर ठेवून झाकण उघडलं. आत एकही काच फुटकी नव्हती. मुंगीएवढ्या अक्षरात नंबर, तारीख, ओळीने. दोन वर्षांतले, अजून औषध चालू असलेले सगळे रुग्ण. मॅडमनी एक काच चिमटीत धरली. नंबर ओळखीचा असावा, तुकडा संपला म्हणून अडलेल्या कुणा रुग्णाचा, कारण ती त्यांनी खाली ठेवली नाही.

काकांनी अंगातला कोट काढून खुंटीला अडकवला, हुकमाप्रमाणे घरी बसायला निघाल्यासारखा. दारापाशी सवयीने बटणाकडे हात गेला आणि दिवा मालवला. अंधारात बसलेल्या मॅडमनी ती काच खिडकीच्या उजेडात धरली, तोवर काका बाहेर पडले होते.