नानांनी ऑटो बंद केला होता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, म्हणून मला चांगला माणूस समजू नका.

धुळ्यात मी शेतातल्या मोटारी मोबाईलवरून चालू-बंद करणारे डबे बनवतो. डब्यात एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असते. वायफाय तिच्यात आयतंच मिळतं — नमुन्याचं नाव, नमुन्याचा पासवर्ड, सगळं तयार. ते प्रत्येक डब्याला वेगळं द्यायचं असतं. मी दिलं नाही. आळस, दुसरं काय? वर मिरवलो, की हे वायफाय मीच लिहिलंय.

शिरपूरकडे डबे बसवायला नाना वायरमन होते. मला ते आवडत नसत. आठवी शिकलेला माणूस, आणि पहिल्याच आठवड्यात चारचौघांत म्हणाला, "साहेब, हाऊ डबा कोनंबी आयकस. शेजारना मोबाईलवर बी चालू व्हस." लोक हसले. मला झोंबलं — खरं होतं म्हणूनच ना? "नाना, तुम्ही वायरी जोडा," मी म्हटलं. आणि दुरुस्ती मुद्दाम टाळली. नानांचं ऐकल्यासारखं झालं असतं.

महिन्याभरानं, लाईट गेलेली असताना, नाना एका विहिरीवर मोटारीच्या पंख्यात अडकलेली दोरी काढत होते. लाईट आली. मोटार चालू झाली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

डबा माझ्याकडे आला. आतली नोंद मी वाचली. लाईट आलेली पाहून, माझाच डबा बसवलेल्या शेजारच्या शेतकऱ्यानं आपली मोटार समजून बटण दाबलं होतं, आणि त्याचा मोबाईल जोडला गेला होता नानांसमोरच्या डब्याला — नाव तेच, पासवर्ड तोच. मी ती नोंद पुसली. सगळ्यांना सांगितलं, ऑटो चालू राहिला होता.

आमच्याकडे हे कुणालाही पटतं. लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून जो तो स्टार्टरला ऑटो लावतो आणि विसरतो. नाना दवाखान्यात सांगत राहिले, "मी ऑटो बंद करेल व्हता." कोण ऐकतंय? त्यांना कामाला बोलावणं बंद झालं. मला वाईट वाटलं का? नाही — जिरली एकदाची, असं वाटलं. मग गुपचूप सगळ्या डब्यांचे पासवर्ड बदलले.

मागच्या आठवड्यात नाना दुकानात आले. उरलेल्या तीन बोटांत चहाचा कप धरून बसले. म्हणाले, "साहेब, मन्हीच चूक व्हई. ऑटो राही ग्या व्हई. माले आते आठवत बी नही."

मी म्हणालो, "होतं असं, नाना."