नाव घातलेला डबा

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं वडिलांचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि आम्ही यमुनेपलीकडे नोएडात फ्लॅट घेतला, तेव्हा तिथे रस्त्यांच्या आधी खड्डे येऊन राहिले होते आणि माणसांच्या आधी म्हशी. घरांना नंबर होते, पण ते बिल्डरच्या नकाशात. पत्ता सांगताना आम्ही ‘काळी म्हैस बांधलेली असते त्याच्या समोर’ असं सांगायचो. म्हैस विकली गेली की सगळ्या ब्लॉकचा पत्ता बदलायचा.

अशा ठिकाणी कुरिअर पोचणं कठीणच, आणि पोचलंच तर काय अवस्थेत, ते मी लोकांना रंगवून सांगायचो. एका बेसनाच्या लाडवाचा असा चपटा कागद झाला होता की मी तो पाकिटावर तिकीट म्हणून चिकटवला आणि पोस्टाने चालवून घेतला. आंब्याच्या लोणच्याची बरणी चुकून तबेल्यात उतरली, तर त्या म्हशीचं दूध महिनाभर फोडणी न घालता कढी म्हणून खपत होतं. चार्टर्ड बसमध्ये, म्हणजे आम्हा बाबू लोकांना सेक्टरातून उचलून ऑफिसात सोडणाऱ्या खाजगी बसमध्ये, माझी ही कथा ऐकायला लोक आपला स्टॉप सोडून पुढे जायचे. हेही थोडं वाढवूनच सांगतोय. पण थोडंच.

खरं पार्सल वर्षाला एकच यायचं. सांगलीहून ताई दिवाळीचा फराळ पाठवायची, आईच्या डब्यात. जाड स्टीलचा, झाकणाला कडी असलेला डबा. त्यावर आईचं नाव, गाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते घरचं झालं असं कुणी मानत नाही. आई गेल्यावर आम्हा दोघा भावंडांत एक रीत पडली होती. दिवाळीला तो डबा चकल्या-अनारसे घेऊन दिल्लीला यायचा आणि संक्रांतीला दिल्लीकडची तिळगुळाची गजक भरून सांगलीला परत जायचा. तो कुणाचा, हे आम्ही कधी ठरवलं नाही. वर्षातून दोनदा प्रवास करायचा, म्हणजे आई अजून येऊन-जाऊन आहे असं ताई म्हणायची.

त्या वर्षी पार्सल सकाळी आलं. बायको शाळेत शिकवायला गेलेली, मी बस पकडायच्या घाईत जिन्यात. कुरिअरवाला नेहमीचाच. पन्नाशीचा, सायकलवरून सगळा सेक्टर पिंजून काढणारा, भरघोस मिशांचा माणूस. खरं म्हणजे आमच्या ब्लॉकचा पत्ता म्हशीशिवाय शोधून काढणारा तो एकटाच होता.

“साब, इस बार ऊपर कुछ नहीं रखा मैंने. साइकिल छोड़ी, गोद में लाया हूँ,” तो म्हणाला. मागच्या वर्षी चकल्यांचा भुगा झाला म्हणून मी त्याला बरंच ऐकवलं होतं.

मी गुडघ्यावर त्याचा पोचपावतीचा कागद धरून कशीतरी सही केली, जुन्या चादरीत शिवलेलं पार्सल तिथेच फाडलं, आणि डबा काखोटीला मारून पळालो. ऑफिसात मिरवायचा होता. बसमध्येच झाकण उघडलं. अनारसे अखंड, जाळी शाबूत. मी प्रत्येकाला एकेक दिला आणि लाडवाच्या तिकिटाची गोष्ट नव्याने सुरू केली. गोष्ट ऐन रंगात असताना माझा स्टॉप आला. शेवटचं वाक्य मी पायरीवर उभा राहून टाकलं, सगळी बस हसली, मी खाली उतरलो. डबा वर सामानाच्या फळीवर राहिला.

दुसऱ्या दिवशी दुसरीच बस आली. आदली हरिद्वारला वरातीसाठी गेली होती, महिनाभर तिकडेच वराती होत्या, म्हणे.

रविवारी ताईचा फोन आला. “अरे, मिळाला का डबा?”

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. पण आईचा डबा मी गप्पांच्या नादात बसमध्ये विसरलो, हे मला ताईला सांगवेना. मी म्हणालो, “कुठला गं. या कुरिअरवाल्यांनी हरवला.”

तिने क्षणभरही शंका घेतली नाही. कशी घेईल? इतकी वर्षं मीच तिची तयारी करून घेतली होती. “तू लेखी तक्रार कर,” ती म्हणाली. “फराळ गेला चुलीत. आईचं नाव आहे त्यावर.”

बायको शेजारीच उभी होती. तिने माझ्यापुढे कागद-पेन आणून ठेवलं.

तक्रार दोन ओळींची लिहायची ठरवली होती. पण पेन हातात आलं की माझं मलाच आवरत नाही. पार्सल मिळालंच नाही, कागदावरची सही माझी नाही, इथपर्यंत साधं खोटं होतं. मग वाटलं, यात जीव नाही. म्हणून लिहिलं की त्याच दिवशी तुमचा माणूस मला गल्लीत दिसला, तृप्त होता, आणि त्याच्या मिशीला चिवड्यातलं खोबरं लागलेलं होतं. खोबऱ्याचे काप पातळ होते, आमच्या सांगलीकडे करतात तसे, हेही लिहिलं. वाचून बायको हसली. मलाही छान वाटलं.

आठवड्याने तो दारात उभा. हातात माझ्या सहीचा तोच कागद.

“साब, ये आप ही ने किया था ना. सीढ़ी पर खड़े होकर.”

माझ्या मागे बायको होती. मी सहीकडे बघितलं. गुडघ्यावर केलेली, मुंगी शाईत पडून चालल्यासारखी.

“मेरी सही ऐसी नहीं होती,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्याने कागदाची चौघडी केली, खिशात ठेवली. बायकोने पाणी आणलं, ते उभ्याउभ्या प्यायला आणि ओल्या मिशीवरून हात फिरवताना मध्येच थांबला. कुणीतरी त्याला माझी तक्रार वाचून दाखवली असणार. “ठीक है, साब,” म्हणून तो जिना उतरला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आदली चार्टर्ड बस पूर्वीसारखी आली आणि ड्रायव्हरने डबा माझ्या हातात दिला. घासून लख्ख केलेला. आत मूठभर मखाने. “खाली कैसे लौटाते, जी. घरवाली ने डाल दिए.”

त्या दिवशी मी ऑफिसात न जाता करोल बागेत कुरिअरच्या कचेरीत गेलो. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानावर एक खोली, पोत्यांचा ढीग आणि मधोमध जाडजूड मालक. मी डबा त्याच्या टेबलावर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट जशी घडली तशी सांगितली. मीठ नाही, मसाला नाही.

मालक शेवटपर्यंत ऐकून हसला. “बाऊजी, दिल के अच्छे हो आप. गरीब की नौकरी बचाने आए हो.”

“नहीं, सच में बस में भूल गया था.”

“और वो मूँछ में नारियल?”

“वो मैंने बनाया था.”

“ऐसी बात कोई बनाता है?” त्याने फाइलीतून माझी तक्रार काढली. त्या ओळीखाली लाल रेघ होती. “देखो जी, डब्बा मिल गया ना? मतलब डर के मारे किसी के हाथ लौटा दिया. ये तो और पक्का हो गया.”

मी तासभर वाद घातला. लाडवाचं तिकीट मी लोकांच्या गळी उतरवलं होतं, म्हशीची कढी उतरवली होती. हे साधं सत्य त्या माणसाला पटवता आलं नाही. त्या कुरिअरवाल्याला त्याने पंधरा दिवसांपूर्वीच काढलं होतं. पत्ता विचारला तर म्हणाला, खोडा नावाच्या वस्तीत कुठेतरी राहतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती डब्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मी त्याच्यासमोर उभी होते हो. पाणी दिलं मी त्याला.” त्या आठवड्यात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ताईलाही फोन करून सगळं सांगितलं.

मग ती म्हणाली, “डबा संक्रांतीला नेहमीसारखा पाठव. बाकीचं दिवाळीला बघू.”

संक्रांतीला गजक गेली. दिवाळीला डबा आला, सोबत तिची चिठ्ठी. ‘या वर्षीचा फराळ तुमचा नाही. त्या माणसाच्या घरी नेऊन दे. हातात दे.’

रविवारी डबा घेऊन मी खोड्यात गेलो. आमच्या सेक्टरापासून सायकलच्या अंतरावरची वस्ती. तिथे गल्लीला नाव नाही, घराला नंबर नाही, आणि खूण सांगायला म्हैससुद्धा नाही. मला त्याचं आडनावही ठाऊक नव्हतं. कुरिअर में थे, सायकल थी, बड़ी मूँछें हैं, असं विचारत फिरलो. एकाने पूर्वेला पाठवलं, दुसऱ्याने तिथून परत. एका बाईने दार उघडून विचारलं, “कौन सी कंपनी से आए हो?” मी डबा दुसऱ्या काखेत घेतला आणि पुढच्या दाराकडे वळलो. गटारावरच्या फळीवरून जाताना पाय घसरला, डबा पडला नाही पण छातीशी आपटला. दुपारी चारला चिंचोळ्या जिन्यात बसून झाकण उघडलं. चकल्यांचा भुगा झाला होता. अनारसे मोडले होते. त्याने एकदा कुशीत धरून अखंड आणला होता, ते मला जमलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी आणखी सहा रविवार गेलो. सहाच, वाढवून सांगत नाही.

ताईने फोनवर विचारलं, “पोचला का?”

“नाही,” मी म्हणालो.

तिने पुढे काही विचारलं नाही, आणि मीही पुढे काही जोडलं नाही.