आत्या आणि सगळ्यांचा ओटा

परक्या ओट्यावर वागावं कसं, हे काष्टीच्या आमच्या आत्याइतकं उभ्या जिल्ह्यात कुणाला कळत नाही. दरवर्षी आम्ही सगळी भाचरं तिला घेऊन भंडारदऱ्याला जातो, आणि जिथं उतरतो तिथं सगळ्या पाहुण्यांत मिळून स्वयंपाकघर एकच. तिथं आत्याचं राज्य. आपली शेगडी एकच. दुसरी रिकामी असली तरी तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही. निघताना ओटा असा पुसायचा, की आपण जेवलो की उपाशी गेलो हे मालकाला कळू नये. आणि दुसऱ्याच्या पातेल्यावरचं झाकण उचलणं म्हणजे तर तिच्या लेखी चोरीच. एकदा माझ्या भावानं कुणाची तरी चार काड्या कोथिंबीर चुकून आमटीत टाकली, तर त्या कुटुंबाला गाठायला आत्यानं त्याला अख्खी जुडी देऊन रंधा धबधब्यापर्यंत पिटाळलं. बिचारा चिंब भिजून परत आला.

गेल्या वर्षी मात्र तिनंच नियम मोडला. शेजारच्या शेगडीवर एक नवी नवरी सासरच्या आठ माणसांसाठी पहिल्यांदाच एकटीनं आमटी करत होती, आणि ती करपली. झालं का, म्हणून सासूबाई बाहेरून विचारत होत्या. पोरीचे डोळे भरून आले. आत्यानं सरळ तिचं झाकण उचललं, वास घेतला, आणि आपल्या शेंगदाण्याच्या आमटीचं पातेलं तिच्यापुढं सरकवलं. भांडी तिथलीच, सगळी सारखी. "ने. जपून धर, गरम हाय." करपलेलं पातेलं आमच्या पंगतीत आलं. मी दारातून सगळं बघत होतो. आत्यानं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

आजवर तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. त्या दिवशी सोबत आलेल्या तिच्या जावयानंही ठेवली. वय झालं आता, म्हणत ती खुशाल हसली. वर त्या सासूबाई वाटी घेऊन हजर, आमच्या सुनेच्या हातची चव बघा म्हणून. आत्यानं स्वतःचीच आमटी भुरकली आणि गंभीरपणे विचारलं, "पोरी, शेंगदानं किती भाजलं गं?" पोर हसून आणि रडून बेजार.

यंदा गुडघ्यांपायी आत्या आली नाही. आम्ही पोचलो तोच तिचा फोन. जेवलात का, हे नाहीच. "शेजारी कोन सैपाक करतंय? बघ, तिला काय पायजे का." शेजारी कुणीच नव्हतं. आम्हालाच आत्या हवी होती.