मथुराबायचे पिंजरे

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते मथुराबायचं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, त्यामुळे लोकांना वाटतं, मी एखाद्या प्राध्यापकाचं नाव घेईन. मी नाव घेतो ते पिंजरे धुणाऱ्या बाईचं. आणि तिची आठवण झाली की कृतज्ञतेच्या आधी संताप येतो.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत नौपाड्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी उमेदवारीवर लागलो. तिथे क्षयाच्या तपासणीसाठी गिनीपिग ठेवलेले असत. संशयित रोग्याच्या छातीतलं पाणी जनावराला टोचायचं आणि सहा आठवडे वाट पाहायची. मधेच ते दुसऱ्याच कारणानं मेलं, तर रोग्याचं उत्तरही त्याच्याबरोबर गेलं. म्हणून पिंजरे स्वच्छ हवेत. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, मथुराबायला हातातून.

ती कोलशेतहून चालत येई. दारातच थांबून एक लांब श्वास घेई आणि कोणत्या पिंजऱ्यात काल काम चुकलं ते सांगे. मला ती नावानं कधी हाक मारत नसे. "बीयेस्सी, नाक घरी ठेवून आलास काय?" गिनीपिगांना ती 'बिनशेपटीचे' म्हणे. त्यांच्या मुताचा पांढरा थर पत्र्याच्या तळाला चिकटे, साबणानं हलत नसे. ती चिंचेचं पाणी ओतून ठेवी आणि घटकाभरानं नारळाच्या काथ्यानं तो उतरवी. कोबीचं कालचं पान आत दिसलं तर प्रयोगशाळेच्या मालक डॉक्टरांनाही बोलणी बसत.

तिचं आधीचं सगळं आयुष्य मिठागरात, मीठ वाळवण्यात गेलं होतं. धुतलेला पिंजरा उन्हात दोन्ही अंगांनी वाळवून ती तळाला पालथा हात लावी. "कोरडं नाय तवर साफ नाय," हे तिचं वाक्य मी आजही वर्गात सांगतो, पण ते शिकायला मला एक फार वाईट दिवस यावा लागला.

मुंबईहून कोणी बडे पाहुणे येणार होते. डॉक्टरांना जागेला स्वच्छतेचा वास हवा होता. सकाळीच त्यांनी सगळे पिंजरे फिनेलनं धुवायला लावले. आभाळ भरलेलं, पिंजरे वाळेनात. मथुराबायनं जनावरं आत घालायला साफ नकार दिला. डॉक्टर म्हणाले, आता पिंजरेवाली आम्हाला शास्त्र शिकवणार. मग त्यांनी मला खूण केली, आणि मी माझ्या हातांनी ती जनावरं ओल्या, झोंबणाऱ्या पिंजऱ्यांत सोडली. पाहुण्यांनी वाखाणणी केली. आठवड्याभरात अकरा जनावरं धापा टाकत मेली.

डॉक्टरांनी मला नोंदवहीत लिहायला सांगितलं: मृत्यूचं कारण, पिंजऱ्यांची अस्वच्छता. मी लिहिलं. खाली सही केली. मथुराबायला बोलावून ते वाचून दाखवण्यात आलं. ती माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "तू लिवलंस?" मी मान डोलावली. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि गेली.

घाण करते म्हणून काढली, ही बातमी तिच्या आधी गावात पोचली. बाळंतिणीला न्हाऊ घालायला गावात पहिली हाक तिला असे, ती हाक थांबली. हे मला वर्षभरानं कळलं. डॉक्टरांचा राग मला आहेच. पण त्यांनी फक्त सांगितलं होतं. अक्षर माझं होतं. आणि पुढे डोंबिवलीच्या शाळेत नोकरी कायम होईपर्यंत तिला पत्र लिहायला मला कागद सापडला नाही, याचा राग तर कुणावर ढकलताही येत नाही.

शेवटी पाठवलं ते पत्र असं:

"तीर्थरूप मथुराबायस, शिरसाष्टांग नमस्कार.

तुला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र गावच्या मास्तरांकडून वाचून घे. घरात नको. देवळासमोर, चार माणसं जमलेली असताना, मोठ्यानं. मास्तरांना विनंती की एकही शब्द गाळू नये.

जनावरं मेली ती ओल्या पिंजऱ्यांमुळे. तू अडवत होतीस. डॉक्टरांनी हुकूम केला आणि मी आत सोडली. वहीत मी खोटं लिहिलं, नोकरी जाईल म्हणून. ज्यांच्या घरी बाळंतीण आहे त्यांनी हे नीट ऐकावं: या बाईइतके स्वच्छ हात मी कुठे पाहिले नाहीत.

खाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता देत आहे. कुणाला खात्री करायची असेल त्यानं यावं. मी हेच त्याच्या तोंडावर सांगेन.

मला क्षमा करू नकोस. फक्त हे वाचून घे."