दहावं भोक

टाकवे बुद्रुकच्या मुक्ताबाईंना आपल्या लेकाचा, कैलासचा, धंदा ठाऊक नाही असं नाही; तो त्यांना सांगायचा नसतो. कुणी विचारलंच, तर "लोणावळ्याला असतो, इंजेक्शनच्या लाइनीत" एवढं बोलून त्या विषय भाताच्या खाचरात नेऊन सोडतात. तसं हे अगदीच खोटं नाही. कैलासकडे सुई असते, हातमोजे असतात, स्पिरिटचा वास असतो आणि समोरचा माणूस विव्हळत असतो. फक्त या थापेमुळे झालंय असं की, कैलास गावी आला की शेजारचे जानूभाऊ दुखरा गुडघा उघडा करून त्याच्या ओट्यावर येऊन बसतात.

कैलास लोकांची अंगं टोचतो. लोणावळ्यात चिक्कीच्या दोन दुकानांच्या बेचक्यात त्याचं चिंचोळं दुकान आहे. नाक, भुवई, ओठ, बेंबी. गिऱ्हाईक बोट ठेवील तिथं. काही गिऱ्हाइकं बोट ठेवायलाही लाजतात. तेव्हा कैलास भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सगळं समजून घेतो. त्या कॅलेंडरवर गणपती आहे. त्याच्याही कानावर काय काय आलं असेल, ते त्यालाच ठाऊक.

वडील, अंबाजी आबा, एकदाच दुकान बघायला आले होते. नेमकी त्याच वेळी एक मुलगी बेंबीत खडा मिरवत बाहेर पडली. आबा म्हणाले, "देवानं नऊ भोकं दिल्यात मानसाला. तीच सांबाळता सांबाळता जीव जातोय. हे दहावं कशापायी?" कैलासनं त्यांना शेजारची चिक्की आणून दिली.

गिऱ्हाईक आत आलं की त्याचा पहिला प्रश्न, "जेवलात का?" पुण्या-मुंबईच्या मंडळींना वाटतं, काय हे मावळचं अगत्य! अगत्य कसलं, उपाशीपोटी माणूस आडवा होतो. त्यातही जितके दंड मोठे तितका लवकर, असा कैलासचा अनुभव आहे. एक व्यायामशाळेतला गडी भुवई टोचायला आला आणि सुईचं पाकीट फाडल्याच्या नुसत्या आवाजानं जमिनीवर गेला. बरोबरच्या मुलीनं त्याला ओलांडून खुर्ची गाठली आणि तेवढ्यात आपलं नाक टोचून घेतलं.

अशी दुनियेची अंगं टोचली. पण घरचं एकही माणूस या सुईखाली आलं नव्हतं. म्हणून बहिणीच्या, सारिकाच्या, मुलीचे कान टोचायचं ठरलं तेव्हा कैलासनं मनाशी पक्कं केलं, भाचीचे कान आपणच टोचायचे. सारिकाची ना नव्हती. मुक्ताबाईंनी मात्र कामशेतच्या श्रीपतीशेठ सोनारांना सांगावा धाडून ठेवला होता. कैलासचे कानही त्यांनीच टोचले होते. शेठ असताना हातमोजेवाला कशाला?

कैलासनं आईला जंतू समजावले, पाकीटबंद सुई समजावली, जखम कशी भरते ते समजावलं. मुक्ताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"समदं खरं," त्या म्हणाल्या. "पन पोर कुनाच्या मांडीवर बसायची?"

कान टोचताना पोर मामाच्या मांडीवर हवं, आणि सारिकाला भाऊ एकच. सगळा विचार करताना आपण मामा आहोत एवढंच तो विसरला होता.

"मांडी बी तुजी आन् सुई बी तुजी? नवरदेव कदी मंगलाष्टका म्हनतो का?"

त्यामुळे त्या दिवशी कैलास मुकाट्यानं पाटावर मांडी घालून बसला. खिशात मात्र बंद पाकिटातली सुई, बारकी कुडी आणि हातमोजे होते. सवय, दुसरं काय. श्रीपतीशेठ आले आणि त्यांनी सोन्याच्या तारेनं उजवा कान झटक्यात टोचला. रोज चार परक्यांना टोचणाऱ्या कैलासनं डोळे घट्ट मिटून घेतले.

भाचीनं आधी भोकाड पसरलं आणि मग शेठच्या बोटाचा चावा घेतला. दात नुकतेच आले होते, पण कामाचे होते. त्यानंतर शेठ जवळ सरकले की ती मामाच्या गळ्याला अशी मिठी मारी की, शेठला कानाऐवजी कैलासची दाढीच सापडे. आबांनी गूळ दाखवला. तिनं गूळ खाल्ला, कान दिला नाही. अखेर शेठनी बोटाला फडकं गुंडाळलं आणि म्हणाले, "मुक्ताबाई, माझ्याच्यानं हे व्हायचं नाही."

आता एका कानाची पोर ठेवायची कशी? सगळ्यांनी मुक्ताबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मांडी न सोडता कर काय करायचं ते," त्या म्हणाल्या.

सारिकानं त्याच्या हातांवर साबण-पाणी घातलं. कैलासनं मोजे चढवले, पाळीवर पेनानं ठिपका दिला आणि नेहमीच्या सवयीनं भाचीला विचारलं, "जेवलात का?" ती गुळाच्या तोंडानं हसली. ते हसू उतरायच्या आत कुडी बसलीसुद्धा. रडायचं तिला मागाहून आठवलं.

मग सारिकाचं लक्ष गेलं. डावं भोक उजव्यापेक्षा इंद्रायणी तांदळाच्या दाण्याएवढं वर होतं. दुकानात कैलास गिऱ्हाइकाला ताठ बसवतो आणि ठिपका आरशात दाखवल्याशिवाय सुई उचलत नाही. इथं गिऱ्हाईक गळ्यात तिरकं लोंबकळत होतं. कैलासचा चेहरा उतरला. घरचं पहिलंच काम, तेही वाकडं. हे भोक बुजू देऊ, नंतर नव्यानं पाडतो, असं तो पुटपुटू लागला.

"हात तर लावून बग," मुक्ताबाई म्हणाल्या.

तेवढ्यात जानूभाऊ आले आणि गुडघा उघडा करून कैलासपुढे बसले. मुक्ताबाईंनी नातीला उचललं आणि तिचे दोन्ही कान त्यांच्या नाकासमोर धरले.

"ह्ये खालचं शेठचं. आन् ह्ये वरलं, आमच्या कैलासनं पाडलंय. त्यो लोणावळ्याला भोकंच पाडतो."

जानूभाऊंनी एकदा तो कान पाहिला, एकदा कैलासच्या हातातले मोजे पाहिले आणि धोतर गुडघ्यावर ओढून घेतलं.