धम्मपाल गजभिये यांच्या हृदयाचा नकाशा

धम्मपाल गजभिये यांचं सगळं आयुष्य नकाशे काढण्यात गेलं. नागपूरहून शिष्यवृत्तीवर नेदरलँड्समधल्या एनस्खेडेला आले आणि तिथेच नोकरीला लागले. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते कागदावर दाखवायचं, हे त्यांचं काम. सायकलवर कोथिंबीर आणायला निघाले, तरी कुठल्या रस्त्यानं वारा समोरून लागणार नाही याचा विचार आधी. विशाखाताई नवऱ्याला म्हणायच्या, "अहो, जुडी आणायची आहे, हिमालय चढायचा नाही."

एकसष्टाव्या वर्षी हा माणूस दाराबाहेर पाऊल टाकेनासा झाला.

हृदयाचे ठोके मध्येच बेफाम धावत, डोळ्यांपुढे अंधारी येई. डॉक्टरांनी खांद्याखाली, कातडीच्या आत एक यंत्र बसवलं. ठोके हाताबाहेर गेले की ते विजेचा झटका देऊन त्यांना ताळ्यावर आणी. जीव वाचे, पण झटका म्हणजे छातीवर घोड्याची लाथ. ऑक्टोबर २०२३च्या एकाच आठवड्यात अशा चार लाथा बसल्या, चौथी सायकलवर. सायकल शेडमध्ये गेली आणि गजभिये खिडकीशी बसले.

"झटक्याला नाही गं भीत," ते म्हणाले, "पुढचा कधी येईल ते कळत नाही, त्याला भितो."

कारण सापडत नव्हतं. रक्तवाहिन्या स्वच्छ, साखर नाही. प्रत्येक फॉर्मवर प्रश्न असे: उष्ण कटिबंधात राहिला आहात का? गजभिये लिहीत: भारत.

१२ नोव्हेंबरला त्यांचा वाढदिवस झाला. डच पद्धतीनं खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाला केकचा एकच तुकडा. मुलगी मैत्रीनं टीव्हीवर जुने फोटो लावले. एका फोटोत मातीचं घर होतं, वर गवताचं छप्पर. शेजारची मारिसोल मूळची बोलिव्हियाची. ती कप खाली ठेवून उठलीच.

"हे कुठलं?"

"तुमच्याच देशातलं. कोचाबांबाजवळचं खेडं. चौऱ्याण्णव साली तीन महिने होतो, विहिरींचा नकाशा करायला."

"आत झोपायचात?"

"मग काय अंगणात? थंडी केवढी होती!"

मारिसोल हसली नाही. अशा भिंतींच्या भेगांत एक किडा असतो, ती सांगू लागली. झोपेत चावतो. त्याच्यापासून होणारा आजार वीस-तीस वर्षं गप्प बसतो आणि आतून हृदय पोखरतो. तिच्या भावालाही असंच यंत्र बसवलेलं होतं. "चागास म्हणतात त्याला. डॉक्टरांना सांगितलंत हे?"

"त्यांनी उष्ण कटिबंध विचारला होता. तिथे मी दोन घोंगड्या घेऊन झोपायचो!"

विशाखाताईंनी कपाळावर हात मारला. "अहो नकाशेवाले, तुमचं ते खेडं मकरवृत्ताच्या पलीकडे की अलीकडे?"

गजभिये यांनी टेबलावर बोटानं एक आडवी रेघ ओढली. "अलीकडे," ते हळूच म्हणाले. "सतरा अंश दक्षिण."

"तीस वर्षं नकाशे काढलेत, आणि शेवटी विश्वास ठेवलात घोंगडीवर!"

रक्ताच्या तपासणीनं मारिसोलचं म्हणणं खरं ठरवलं. हृदयाच्या टोकाशी व्रण पडून तिथला भाग पातळ होऊन फुगला होता आणि चुकार वीज त्याच्याभोवती फिरत होती. व्रण बाहेरच्या बाजूनं होता, म्हणून मांडीतून तार घालून आतून केलेला पहिला उपाय फसला. आता छाती उघडून तो भाग कापायचा आणि कडा गोठवून टाकायच्या.

लायडनच्या डॉक्टर हिल्डा यांनी पडद्यावर हृदयाचा नकाशा दाखवला. कुठे लाल, कुठे जांभळा. गजभिये चष्मा लावून पुढे वाकले. "या रेषांमधलं अंतर किती धरलंय?" विशाखाताईंना बरं वाटलं. कित्येक आठवड्यांत नवऱ्यानं भीतीशिवाय विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"काही जण यातून उठत नाहीत, हे तुम्हाला सांगायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. "शेवटी आम्ही स्वतःच ते बेफाम ठोके डिवचून बघू. ठोके उठले नाहीत, तर जिंकलो."

मंगळवार, ५ मार्च. सकाळी आठला त्यांना आत नेलं. विशाखाताई वंदना म्हणत बसल्या. मध्येच विसरायच्या, पुन्हा पहिल्यापासून. मैत्री "रुस्टिग, मम्मी, रुस्टिग" म्हणून त्यांना शांत करत होती आणि स्वतः हातातल्या कागदी रुमालाच्या चिंध्या करत होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर हिल्डा टोपी हातात घेऊन आल्या. "तीनदा डिवचलं. ठोके एकदाही उठले नाहीत."

"परत सांगा," विशाखाताई म्हणाल्या. डॉक्टरांनी परत सांगितलं. मग विशाखाताईंनी सकाळपासून पर्समध्ये पडलेला चीजचा कोरडा ब्रेड काढला आणि चवीनं खाल्ला.

४ जूनला तपासणी झाली. यंत्राची नोंद सांगत होती: एक्याण्णव दिवस, झटका एकही नाही. रुग्णालयाच्या खिडकीवर नवा फॉर्म होता, त्यात तोच प्रश्न. गजभिये बराच वेळ लिहीत बसले. विशाखाताई डोकावल्या. भारत. बोलिव्हिया, १७ अंश दक्षिण, उंची २५७० मीटर, हवा थंड.

"थंड कशाला लिहिलंत?"

"होतीच ना पण!"

शनिवारी त्यांनी सायकल बाहेर काढली, हवा भरली आणि कोथिंबीर आणायला गेले. विशाखाताई खिडकीशी उभ्या राहिल्या. बाजार दहा मिनिटांवर. गजभिये पाऊण तासानं परतले, घामेजलेले, केस उडालेले.

"एवढ्याशा जुडीला पाऊण तास?"

"लांबच्या रस्त्यानं गेलो," ते म्हणाले. "जवळच्या रस्त्याला वारा समोरून होता."